लांब चित्रफितीचा जमाखर्च

फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने ‘सोरा’ या साधनाची ओळख करून दिली. चार-दोन ओळींच्या लेखी वर्णनावरून तयार झालेल्या, एक मिनिटापर्यंतच्या त्या चित्रफिती पाहून चित्रपटक्षेत्रातील जाणकारही चकित झाले. मे २०२५ मध्ये आलेले गुगलचे ‘व्हिओ ३’ तर चित्राबरोबर आवाज आणि संवादही निर्माण करू लागले. दुकानाची पाच मिनिटांची जाहिरात किंवा पेढीच्या तीन पिढ्यांचा इतिहास आता एका वाक्यात सांगावा आणि तयार घ्यावा, अशी अपेक्षा त्यातून निर्माण होणे स्वाभाविक आहे. ती अगदीच निराधार नाही. पण व्यवहारात उतरण्यापूर्वी तिचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

पहिली बाब लांबीची. व्हिओ ३ एका वेळी आठ सेकंदांचा तुकडा देते. रनवे कंपनीचे ‘जेन-३’ पाच किंवा दहा सेकंदांचा तुकडा देत असे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले सोराही वीस सेकंदांवर थांबले. यामागे तांत्रिक कारण आहे. चित्रपटाच्या प्रचलित वेगाने एका सेकंदात २४ स्थिरचित्रे डोळ्यांपुढून सरकतात. म्हणजे आठ सेकंदांत १९२ आणि तीन मिनिटांत ४,३२०. यंत्राला ही चित्रे सुटी काढून चालत नाही. प्रत्येकाचा इतरांशी मेळ राखावा लागतो. त्यामुळे लांबी दुप्पट झाली की संगणकावरील भार दुपटीहून अधिक वाढतो.

मग लांब चित्रफीत तयार होते कशी? एका तुकड्यातील शेवटचे चित्र पुढच्या तुकड्याचे पहिले चित्र म्हणून यंत्राला देणे, हा एक मार्ग आहे. तो सोपा दिसतो. परंतु चक्रवाढ व्याजाचा नियम येथे दोषांना लागू होतो. पहिल्या तुकड्यात चेहरा किंचित बदलला, तर दुसरा तुकडा त्या बदललेल्या चेहऱ्यालाच मुद्दल मानून पुढे जातो. चौथ्या-पाचव्या तुकड्यापर्यंत माणूसच निराळा भासू लागतो.

टोरांटो येथील ‘शाय किड्स’ या छोट्या चमूने २०२४ मध्ये सोराच्या साहाय्याने केलेला ‘एअर हेड’ हा लघुपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. डोक्याच्या जागी पिवळा फुगा असलेल्या माणसाची ही गोष्ट जेमतेम सव्वा मिनिटाची. प्रत्येक वेळी पोशाखाचे व फुग्याचे तपशीलवार वर्णन देऊनही फुग्याचा रंग बदलत असे, कधी त्यावर चेहरा उमटत असे. हे दोष माणसांना नेहमीच्या संकलन-साधनांनी दूर करावे लागले. कथेचे निवेदनही माणसाच्याच आवाजात आहे. अंतिम चित्रफितीत राहिलेल्या आणि एकूण निर्माण केलेल्या दृश्यांचे प्रमाण सुमारे १ : ३०० होते, असे या चमूतील एका सदस्याने सांगितले आहे. खर्चाच्या बाजूला न दिसणारी ही रक्कमच खरी मोठी असते.

त्यानंतर साधने सुधारली. मार्च २०२५ मधील रनवेच्या ‘जेन-४’मध्ये संदर्भचित्र देऊन तेच पात्र अनेक दृश्यांत टिकवण्याची सोय आली. तरीही कामाचा क्रम बदललेला नाही. आधी संहिता लिहावी, निवेदन ध्वनिमुद्रित करून एकूण कालावधी निश्चित करावा, मग पाच ते आठ सेकंदांच्या दृश्यांची यादी करावी. प्रत्येक पात्राचे आणि स्थळाचे संदर्भचित्र ठरवून तेच सर्वत्र वापरावे. कोणत्या वर्णनातून कोणता तुकडा मिळाला, याची नोंद खातेवहीप्रमाणे ठेवावी. दूरचे दृश्य, जवळचे दृश्य, वस्तूचे दृश्य असा पालट ठेवल्यास लहान विसंगती डोळ्यांत भरत नाहीत. शेवटी रंग, आवाज व संगीत यांचा मेळ संकलनात घालावा. बाहेरच्या व्यक्तीला काम देताना दर मिनिटाचा भाव विचारणे पुरेसे नाही. नापसंत तुकडे किती वेळा बदलून मिळतील आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा, हेही आधी लेखी ठरवावे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून गंभीर मुद्दा आणखी एक आहे. यंत्र वस्तू पाहून चित्र काढत नाही, ते संभाव्य चित्र रचते. फुग्याचा रंग बदलला तर लघुपटाचे फारसे बिघडत नाही. परंतु पैठणीच्या पदरावरील मोर किंवा हारातील खड्यांची संख्या दृश्यागणिक बदलली, तर ग्राहकाला दाखवलेली वस्तू दुकानात अस्तित्वातच नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाईची तरतूद करतो, आणि ‘यंत्राने तसे दाखवले’ हे ग्राहकाला द्यायचे उत्तर होऊ शकत नाही. म्हणून पार्श्वभूमी, ऋतू, जुन्या काळातील बाजारपेठ यांची दृश्ये यंत्राकडून घ्यावीत. प्रत्यक्ष माल मात्र कॅमेऱ्यानेच टिपावा. पेढीच्या इतिहासातही पूर्वजांचा कल्पित चेहरा दाखवायचा असेल, तर ते कल्पनाचित्र असल्याची ओळ पडद्यावर असावी.

यंत्राने चित्रीकरणाचा खर्च कमी केला, निवडीचा आणि पडताळणीचा श्रम मात्र वाढवला. तो श्रम घेण्याची तयारी असलेल्या घराला तीन मिनिटांची चांगली चित्रफीत आज आवाक्यात आहे. ज्याला तो टाळायचा आहे, त्याने आठ सेकंदांवरच समाधान मानावे, हे अधिक किफायतशीर.