सूर्याचें वेळापत्रक

मुलांना घंटेवर चालावयास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. म्हणून आज सूर्याच्या वेळापत्रकाविषयीं दोन शब्द बोलणार आहें.

२०१० सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय सौर अभियान सुरू केलें, तेव्हां २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट हें उद्दिष्टही धाडसाचें वाटलें. २०१५ सालीं तें १ लाखावर नेण्यांत आलें. मुदत हुकली खरी. पण जानेवारी २०२५ मध्यें तो टप्पा ओलांडला गेला. याचें मोठें कारण किंमत होय. २०१० च्या लिलावांत युनिटला दहा रुपयांहून अधिक असलेला दर २०१७ सालीं राजस्थानांतील भडला येथें २ रुपये ४४ पैशांवर उतरला.

मग अडचण कोठें आहे? आपल्या घरीं दिवे लागतात, तेव्हां सूर्य मावळलेला असतो! दुपारची वीज रात्रीसाठीं राखण्यास बॅटऱ्या आहेत. किंवा त्या विजेनें पाणी उंच जलाशयांत चढवून गरजेच्या वेळीं खालीं सोडतां येतें. घाटघरच्या प्रकल्पांत पाण्याची हीच युक्ति आहे. पण साठवणीला खर्च येतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे शक्य तें काम उन्हांतच उरकणें. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्याची महाराष्ट्राची २०१७ ची योजना याच विचाराची आहे. रात्रीं विंचूकाट्यांतून पाणी धरावयास जाणारा शेतकरी तिचें मोल जाणतो.

आपणही गच्चीवरील टाकी दुपारीं भरावी. सूर्य आपली घंटा बदलणार नाहीं. आपली मात्र आपणांस बदलतां येईल.