विश्लेषण : नोकरी अंधेरीत, शाळा बोरिवलीत? मुंबई उपनगरांत भाड्याचे घर शोधताना कुटुंबाने काय पाहावे?

एप्रिल-मे महिना आला की नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून मुंबईत बदली झालेली कुटुंबे घराच्या शोधात उपनगरे पालथी घालू लागतात. हाताशी जेमतेम दोन शनिवार-रविवार, मोबाइलवर दलालांनी पाठवलेले फोटो आणि जूनमध्ये सुरू होणारी शाळा. या घाईत हॉल किती मोठा, लिफ्ट आहे का, एवढे पाहून टोकन दिले जाते. पाळणाघर रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या बाजूला आहे किंवा करार ऐन परीक्षेत संपतो, हे नंतर कळते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या चार उपनगरांच्या निमित्ताने, मुलेबाळे आणि वृद्ध आईवडील असलेल्या घराने वस्ती कशी निवडावी, याचा हा वेध.

आधी घर की आधी वस्ती?

आधी वस्ती. त्यासाठी कागदावर तीन ठिकाणे लिहावीत : दोघांच्या नोकरीची ठिकाणे आणि मुलांची शाळा. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील, तर ज्याला मुलांना पाळणाघरातून आणायचे आहे, त्याचा प्रवास छोटा असायला हवा. लोकल बंद पडली तर संध्याकाळी सात वाजता मुलाकडे कोण पोहोचणार, या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्म्या वस्त्या यादीतून बाद होतात. उरलेल्यांत पाळणाघर, दवाखाना, भाजीबाजार, मैदान किंवा बाग आणि रेल्वे वा मेट्रो स्थानक पायी पंधरा-वीस मिनिटांत आहे का, ते पाहावे. घराचा शोध त्यानंतर.

अंतर किलोमीटरमध्ये मोजावे का?

मुंबईत अंतर मिनिटांत सांगतात, ते उगीच नाही. चर्चगेटपासून अंधेरी सुमारे २२ किलोमीटर, तर बोरिवली ३४. सीएसएमटीपासून घाटकोपर सुमारे १९ आणि मुलुंड ३१. पण बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांत बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. जगातील पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर धावली. उलट घाटकोपर जवळ असले, तरी मेट्रो आणि लोकल यांच्या अदलाबदलीमुळे सकाळ-संध्याकाळी तेथील फलाट आणि जिने गच्च भरलेले असतात. गर्भवती किंवा लहान मूल कडेवर असलेल्या बाईसाठी ही गर्दी चार किलोमीटरच्या फरकापेक्षा महत्त्वाची ठरते.

पूर्व-पश्चिम प्रवास हा उपनगरांचा जुना दुखरा भाग. लोकल उत्तर-दक्षिण धावते, त्यामुळे मुलुंडहून अंधेरीला नोकरी म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या ११.४ किलोमीटरच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने हा प्रवास सुसह्य केला. दहिसर ते अंधेरी हे मेट्रो २ अ आणि मेट्रो ७ चे मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. आरे-कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली आणि मरोळ नाका येथे ती मेट्रो १ ला मिळते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली जुळे बोगदे यांची कामे सुरू आहेत. ‘दोन वर्षांत बोगदा होणार, इथून दहा मिनिटे’ असे सांगून कोणी भाडे वाढवून मागत असेल, तर आपला करार त्याआधीच संपणार आहे, हे लक्षात ठेवावे. भाडे आजच्या रस्त्याचे द्यावे.

‘पूर्व’ की ‘पश्चिम’, हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

एकाच स्थानकाच्या नावाने ओळखले जाणारे दोन भाग प्रत्यक्षात दोन गावे असतात. अंधेरीचा गोखले पूल हे त्याचे उत्तम उदाहरण. जुलै २०१८ मध्ये या पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीसाठी बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. मधल्या काळात पूर्वेला घर आणि पश्चिमेला शाळा असलेल्या कुटुंबांचे वेळापत्रक एका पुलाने कोलमडले. पर्यायी असलेला अंधेरी सबवे जोरदार पावसात पाणी भरल्याने बंद करावा लागतो, हे दरवर्षीचे चित्र. म्हणून लहान मुलांची शाळा आणि पाळणाघर रेल्वेमार्गाच्या ज्या बाजूला, त्याच बाजूला घर, हा नियम शक्यतो मोडू नये. नोकरी दुसऱ्या बाजूला असली तरी चालते. मोठ्या माणसाला पुलावरून चालत जाता येते.

चार उपनगरांचे स्वभाव कसे वेगळे?

अंधेरी : सीप्झ, एमआयडीसी, साकीनाका, लिंक रोड यांमुळे नोकरीच्या सर्वांत जवळ, म्हणून भाडेही चढे आणि रस्ते सर्वांत तुंबलेले. पूर्वेला जे. बी. नगर, चकाला, मरोळ, शेर-ए-पंजाब, तर पश्चिमेला डी. एन. नगर, चार बंगला, लोखंडवाला हे कुटुंबांच्या पसंतीचे भाग. मरोळ, चकाला परिसरात विमानांचा आवाज रात्री ऐकून पाहावा. पश्चिमेला पालिकेचे कूपर रुग्णालय जुहूत आणि खासगी कोकिलाबेन रुग्णालय चार बंगल्यात आहे. मुलांच्या खेळासाठी शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. दोघांच्याही नोकऱ्या याच पट्ट्यात असतील, तर लहान घर घेऊन अंधेरीत राहणे परवडते. वाचलेला वेळ मुलांना मिळतो.

बोरिवली : प्रवास लांबचा, पण बाजार, शाळा, नाट्यगृह, बाग सारे आवाक्यात. पश्चिमेला बाभई, वझिरा, शिंपोली, आय. सी. कॉलनी, पूर्वेला दौलतनगर, कुलुपवाडी. प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहामुळे आणि जुन्या मराठी वस्तीमुळे बाहेरगावच्या कुटुंबाला इथे चटकन रुळता येते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पूर्वेला भिंतीला भिंत लागून आहे. सकाळी फिरायला याहून चांगली जागा मुंबईत सापडणार नाही. मात्र उद्यानाच्या कडेच्या इमारतींत बिबट्याचा वावर गृहीत धरून अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडत नाहीत. दहिसर नदीकाठच्या गल्ल्यांत पावसाळ्यात पाणी कुठवर येते, ते शेजाऱ्यांना विचारावे.

मुलुंड : आखीव-रेखीव, काटकोनात छेदणारे रस्ते ही पश्चिमेची ओळख. कालिदास नाट्यमंदिर, त्यालगतचे क्रीडा संकुल आणि जलतरण तलाव, महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय यांमुळे मुले आणि आजी-आजोबा दोघांनाही इथे करमते. पूर्वेची वस्ती तुलनेने शांत. येथील कचराभूमीत नवा कचरा टाकणे ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबले. तरी हरिओम नगरकडचे घर पाहताना वाऱ्याची दिशा आणि वास संध्याकाळी अनुभवावा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरील पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाल्याने ठाण्याला ये-जा करणाऱ्यांचा खर्च वाचला आहे. एक छोटा फरक : मुलुंडची वीज महावितरणची आहे, अंधेरी-बोरिवलीची अदानीची. बिल कोणाच्या नावे आणि थकबाकी किती, हे आधी पाहावे.

घाटकोपर : दोन्ही बाजूंना नोकऱ्या असलेल्या जोडप्यासाठी चौघांत सर्वांत सोयीचे. पूर्वेला पंतनगर, गारोडिया नगर, राजावाडी. पालिकेचे राजावाडी रुग्णालय आणि जवळच विद्याविहारचे सोमय्या संकुल. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि टेकडीकडे चढत गेलेली दाट वस्ती. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चा मार्ग गारोडिया नगर, पंतनगरातून जातो. जिथे काम सुरू आहे, तिथल्या रस्त्यालगतच्या घरात धूळ आणि आवाज सोसावा लागतो. दमा असलेले कोणी घरात असेल, तर आतल्या गल्लीतले घर बघावे. टेकडीच्या पायथ्याला किंवा संरक्षक भिंतीला खेटून असलेली घरे भाडे कितीही कमी असले तरी टाळावीत.

शाळेचा पत्त्याशी काय संबंध?

फार जवळचा. बऱ्याच खासगी शाळांत नर्सरी आणि ज्युनिअर केजीचे अर्ज आदल्या वर्षीच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे मे महिन्यात आलेल्या कुटुंबाला मिळेल ती जागा घ्यावी लागते. आधी शाळेत जागा नक्की करावी आणि मग घर, असा क्रम ठेवावा. शिक्षणहक्क कायद्यानुसार २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल, तर शाळेपासूनचे अंतर प्राधान्यक्रम ठरवते आणि पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो. नोटरीसमोर केलेला साधा कागद तिथे चालत नाही. मुंबई महापालिकेने २०२० पासून ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने सीबीएसई आणि आयसीएसई मंडळांच्या शाळाही सुरू केल्या. त्यांपैकी सीबीएसईची एक शाळा अंधेरीला लागून असलेल्या जोगेश्वरी पूर्वेच्या पूनम नगरात आहे. महिन्याला हजारो रुपये शुल्क भरण्याआधी हा पर्याय जरूर पाहावा.

करार ११ महिन्यांचाच का?

निव्वळ सवयीने. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या नियमातून ही प्रथा आली. महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

११ महिन्यांच्या करारात कुटुंबाचे खरे नुकसान वेळापत्रकाचे होते. १ जूनला सुरू झालेला करार ३० एप्रिलला संपतो. पुढचा १ मे रोजी सुरू होऊन ३१ मार्चला, म्हणजे परीक्षेच्या हंगामात. दरवर्षी तारीख एक महिना मागे सरकते. त्याऐवजी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागावा आणि तो मे महिन्यात संपेल असे पाहावे.

खर्चही वाढत नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर लागते. समजा भाडे ४० हजार आणि अनामत दीड लाख आहे. ११ महिन्यांसाठी शुल्क सुमारे ११३५ रुपये आणि पालिका हद्दीतील नोंदणी फी एक हजार. असे दोन करार केले तर सुमारे ४२७० रुपये होतात. एकच २२ महिन्यांचा केला तर सुमारे ३२७० रुपये. शिवाय नूतनीकरणाच्या नावाने दलालाला पुन्हा द्यावे लागणारे पैसे वाचतात. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. ती झाल्यावर ‘इंडेक्स २’ची प्रत स्वतःकडे ठेवावी. गॅस जोडणी, बँक, शाळा सगळीकडे तीच लागते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हेही मालकाचे काम. ते झाल्याची पावती मागून घ्यावी.

सोसायटी भाडेकरूला अडवू शकते का?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला कळवायचे असते. परवानगी मागायची नसते. भाड्याने दिलेल्या घरासाठी संस्था घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा राज्य सरकारचा आदेश २००१ चा आहे. हे शुल्क मालकाने द्यायचे की भाडेकरूने, ते करारात लिहून घ्यावे.

प्रत्यक्षात नकार वेगळ्याच कारणांनी मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा पोलिसांत गुन्हा दाखल झाला. घरांबाबत असे नकार मांसाहार, धर्म, जात, एकटी स्त्री अशा अनेक कारणांनी आणि बहुतेकदा दलालाच्या तोंडून गुळमुळीतपणे दिले जातात. कायद्याची बाजू दुबळी आहे. झोरास्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व एका समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. खासगी मालकाने भाडेकरू कसा निवडावा, याबाबत राज्यात थेट कायदा नाही. म्हणून घरी काय शिजते, पाहुणे किती येतात, पाळीव प्राणी आहे का, हे पहिल्याच भेटीत उघड सांगावे. लपवून मिळालेले घर मुलांच्या वाट्याला रोजची टोमणेबाजी आणते.

पैसे देण्याआधी काय तपासावे?

मालमत्ता कर किंवा विजेच्या बिलावरचे नाव आणि करार करणाऱ्याचे नाव एकच हवे. घरावर कर्ज असल्यास हप्ते थकलेले नाहीत ना, हे विचारावे. ‘हेवी डिपॉझिट’, म्हणजे मोठी रक्कम देऊन बिनभाड्याने राहण्याचा व्यवहार, यात धोका सर्वांत मोठा. मालक अडचणीत आला, तर आयुष्याची बचत अडकते. पूर्ण अनामत करारात लिहिलेली असावी आणि ती बँकेमार्फतच द्यावी.

जुनी इमारत असेल, तर सोसायटीच्या कार्यालयात पुनर्विकासाबद्दल थेट विचारावे. इमारत रिकामी होताना पर्यायी भाडे सभासदाला मिळते, भाडेकरूला नाही. पंतनगर, बोरिवली, मुलुंडमधील अनेक जुन्या सोसायट्या याच टप्प्यावर आहेत. ‘सोसायटीने घर रिकामे करण्यास सांगितल्यास किमान दोन महिन्यांची पूर्वसूचना आणि पूर्ण अनामत परत’ अशी ओळ करारात घालता येते. मुदत संपूनही घर न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते, हेही विसरू नये.

आणि घर एकदा सकाळी आठला, एकदा संध्याकाळी सातला पाहावे. रखवालदाराला पाण्याची वेळ, किराणा दुकानदाराला पावसात रस्त्यावर किती पाणी साचते ते आणि खाली खेळणाऱ्या मुलांच्या आयांना पाळणाघर विचारावे. ही माहिती कोणत्याही ॲपवर नसते. इमारतीखाली संध्याकाळी मुले खेळताना दिसलीच नाहीत, तर ती कुठे खेळतात, हेही विचारून घ्यावे.