संगीत नाटक : रंगमंचावरून पडद्यावर, पडद्यावरून घराघरांत

संगीत नाटकाचे वेड एकदा जडले की ते सहसा सुटत नाही, असा जाणत्या रसिकांचा अनुभव आहे. तरुणपणी पाहिलेल्या नाटकातील संवाद विस्मरणात जातात, नटांची नावे मागे पडतात. परंतु एखाद्या पदाची चाल मात्र वार्धक्यातही सहज ओठांवर येते. नाटक नाट्यगृहातच राहते, पद मात्र प्रेक्षकाबरोबर घरी येते. ही आवड आजन्म का टिकते आणि पुढील पिढीकडे ती कशी जाईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पात्रे गाऊ लागली

मराठी रंगभूमीचा प्रारंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकाने झाला. भाव्यांच्या नाटकांत पदे असत. पण ती मुख्यतः सूत्रधार गात असे. पात्रे प्रसंगानुसार आपले भाषण करीत. कथा सांगणारा गायक एक आणि ती भोगणारे पात्र दुसरे, अशी ही रचना होती.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि हे चित्र पालटले. आता पात्र स्वतःच बोलू लागले व स्वतःच गाऊ लागले. वरवर पाहता हा बदल लहान वाटतो. परंतु संगीत नाटकाचे सारे मर्म त्यात आहे. जेथे शब्द अडखळतो तेथे पात्र गाते. लाज, विरह, विनवणी, संताप हे भाव साध्या संवादात मावेनासे झाले की पदाचा जन्म होतो. १८८२ साली आलेल्या ‘सौभद्र’ नाटकात सुभद्रेच्या मनाची घालमेल प्रेक्षकांना कळते ती मुख्यतः अशा पदांतून. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील चाली आणि कर्नाटकातील चाली यांचा उपयोग केला. चाल ओळखीची आणि भाव नवा असल्यामुळे ही पदे सामान्य श्रोत्याच्याही कंठी बसली.

मैफलीचे दार उघडले

पुढील काळात या संगीताला अभिजात गायकीची जोड मिळाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ (१९११) या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी, तर ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकाला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. ज्यांना कधी दरबारी मैफलीत प्रवेश मिळाला नसता, अशा असंख्य लोकांना राग-तालांची गोडी नाट्यगृहात लागली. बालगंधर्व, केशवराव भोसले आणि मास्टर दीनानाथ यांचे गाणे ऐकण्यासाठी प्रेक्षक रात्री जागवीत.

याच लोकप्रियतेतून एक अडचणही निर्माण झाली. ‘वन्स मोअर’च्या गजरात पद पुन्हा पुन्हा गाइले जाई, गाणे लांबत जाई आणि कथानक थांबून राही. दुसरीकडे ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूस साधारणतः तीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने तेच पद आटोपशीर होऊन घरोघर पोहोचले. दोन्ही परींनी पद नाटकापासून सुटे होऊ लागले. पद अमर झाले. पण ते कोण, कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी म्हणते, याचा विसर पडू लागला.

‘शारदा’ ते ‘कुंकू’

असा विसर पडला तर काय गमावले जाते, हे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकावरून कळते. धनाच्या लोभाने बाप आपल्या अल्पवयीन मुलीचा विवाह एका वृद्धाशी ठरवितो, हा त्याचा विषय. त्या काळी मुलीने बापासमोर तोंड उघडणे अशक्यप्राय होते. देवलांनी तिची भीती आणि तिचे दुःख पदांत घातले. जे घरात बोलता येत नव्हते, ते रंगमंचावर गाता आले; आणि ती पदे ऐकून घरी परतलेल्या प्रेक्षकांबरोबर तो प्रश्नही घरात शिरला. पुढे १९२९ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो ‘शारदा कायदा’ या नावाने ओळखला गेला, म्हणून त्याचे नाव या नाटकावरून पडले असा अनेकांचा समज होतो. वास्तविक ते नाव विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे.

हाच प्रश्न १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ या चित्रपटाने पडद्यावर मांडला. नाटकातील विवाह अखेरीस टळतो. चित्रपटातील नीरेचा विवाह मात्र झालेला असतो आणि ती तो मानण्यास ठाम नकार देते. शांता आपटे यांनी ही भूमिका करून तिची गाणीही स्वतः गायिली. संगीतकार केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीताचा सोस टाळून प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींवर भर दिला. त्यामुळे जेव्हा गाणे येते, तेव्हा ते कथेची गरज म्हणूनच येते.

कॅमेऱ्यापुढील गाणे

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने मराठी चित्रपटाला वाणी मिळाली, तेव्हा हरिश्चंद्राची भूमिका व संगीत या दोन्ही जबाबदाऱ्या ‘मानापमान’ला चाली देणाऱ्या गोविंदराव टेंबे यांनीच सांभाळल्या. रंगभूमीवर घडलेले विष्णुपंत पागनीस ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटात तुकाराम झाले. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक गीत पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले. बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’ (१९३५) चित्रपटात एकनाथांची भूमिका केली. परंतु चित्रपटाच्या जगात ते फार काळ रमले नाहीत. समोरच्या श्रोत्याची दाद घेत फुलणाऱ्या गळ्याला कॅमेरा ती दाद देऊ शकत नव्हता. पडदा आवाज व चेहरा जतन करतो. रंगमंच गायक घडवितो. दोघांचे कार्य भिन्न आहे आणि रसिकाला दोघांचीही गरज आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली आले. त्यातील खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी गाजविली आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या चालींनी एक पिढी भारावून गेली. २०१५ साली त्याच नाटकावरील चित्रपटात खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी आवाज दिला. घराण्याचा अहंकार मोठा की कला मोठी, हा नाटकातील प्रश्न जणू आजोबांकडून नातवाकडे आला. ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला नव्हता अशी मुले ती पदे गुणगुणू लागली.

शाळेचे आणि गावाचे काम

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला भस्मसात व्हावी, हे दुःख कलावंतांपुरते राहिले नाही. वास्तू पुन्हा उभारता येते. परंतु ऐकणारा कानच तयार झाला नाही, तर तेथे गाणार कोण आणि ऐकणार कोण?

असा कान घडविण्यास मोठा खर्च लागत नाही. पाठ्यपुस्तकात एखादा नाट्यप्रवेश असेल तर शिक्षकांनी तो मोठ्याने वाचून घ्यावा, पात्राची अडचण मुलांना समजावून द्यावी आणि मगच पद ऐकवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पद आधी ऐकविले तर ते केवळ गाणे राहते. गावातील ज्या वृद्धांनी पूर्वी नाटकात कामे केली असतील, त्यांना शाळेत बोलवावे आणि त्यांच्या मुखातील चाली ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. गोमंतकात जत्रेच्या निमित्ताने गावकरी स्वतः नाटक उभे करतात. तसे वर्षातून एकदा, निदान एक अंक तरी, आपल्या गावी व्हावा म्हणून ग्रामपंचायतीने सभागृह, पेटी आणि तबला यांची सोय करावी. गावातील हौशी मंडळींना पुढे जाण्यासाठी राज्य नाट्य स्पर्धेचे दालन खुले आहेच.

अशा एखाद्या रात्री मांडीवर पेंगणाऱ्या मुलाच्या कानात एक चाल शिरते. त्या वेळी तिचा अर्थ त्याला कळत नाही. पुढे कधीतरी, स्वतःचेच शब्द अडखळतील तेव्हा, ती चाल त्याला आठवते. आजन्म टिकणारी आवड अशीच रुजते.