परसातली पाखरं आणि हरभऱ्यातली अळी



आजचा मेसेज औषधाचा नाही, त्यामुळे डोस शोधत थेट खाली जाऊ नका. बहुतेकांचा हरभरा आता सव्वा-दीड महिन्याचा झालाय, फुलावर येतोय. दरवर्षी याच आठवड्यात फोन सुरू होतात, "मॅडम, अळी दिसली, काय मारू?" त्याचं उत्तर पुढे देतेच. पण त्याआधी उद्या सकाळी एक काम करा. चहा घेऊन पंधरा मिनिटं परसात बसा आणि कोणकोणती पाखरं येतात ती नुसती बघा.

आपण पाखरांचा एकच हिशोब धरतो, दाणे खातात. ज्वारी राखताना गोफण फिरवलेल्या माणसाला तसं वाटणारच. पण कोण काय खातं हे नीट बघितलं की हिशोब बदलतो. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या-किडेच भरवते. पिल्लांना दाणा पचत नाही. शेवग्याखालच्या पाल्यात कलकलाट करत उकरणारे सातभाई किडेच शोधत असतात. साळुंकी दोन्हीकडची, फळंही खाते आणि अळ्याही. तारेवर बसलेला काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल मात्र आपल्या फार कामाचा. तो अगदी अंधार पडेपर्यंत उडते किडे पकडतो, आणि घाटे अळीचा पतंग नेमका तिन्हीसांजेला बाहेर पडतो. एक मादी पतंग शेकड्यांनी अंडी घालते. ती अंडी घालायच्या आधीच कोतवालाच्या तोंडात गेली, तर किती अळ्या कमी झाल्या ते तुम्हीच बघा.

ही पाखरं घराजवळ टिकली तर शेतात येतात. त्यांना टिकवायला खर्च नाही. पाण्यासाठी एखादं पसरट खापर किंवा जुनी परात घ्या, दोन इंचांपेक्षा खोल नको. खोल भांडं असेल तर मधे एक दगड ठेवा. गुळगुळीत स्टीलवर पाय घसरतात, त्यामुळे माती बरी. सावलीत, मांजराची झडप पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर पाखरांऐवजी डासच वाढतील. चिमणीसाठी लाकडी खोकं टांगणार असाल तर भोक सव्वा इंचाचंच पाडा. मोठं पाडलंत तर साळुंकी घर बळकावते. आणि खायला फरसाण, शिळी भजी असलं काही टाकू नका. बांधावरची बोर-बाभूळ तोडली नाही, तर तेवढं खाणं पुरतं.

आता शेतात चला. हरभऱ्यात अजून पक्षीथांबे लावले नसतील तर याच आठवड्यात लावा. एकरी 20. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी, वरची आडवी काडी पिकाच्या फूट-दीड फूट वर राहील अशी. तुऱ्हाट्या, बांबूचे तुकडे, काहीही चालतं. पुढच्या वर्षी पेरतानाच हरभऱ्याच्या बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळा, म्हणजे ताटं उभी राहतात आणि काठ्या रोवायचं काम वाचतं.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासद ताईंनी माझ्या आग्रहाखातर थांबे लावले. मनात त्यांना पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. फवारणीचा दिवस ठरला होता, माणूस सांगून झाला होता. सकाळी आम्ही दोघी बांधावर बसलो. एक कोतवाल एकाच थांब्यावरून अर्ध्या तासात दहा-बारा वेळा खाली उतरला आणि वर आला. मग सरीत शिरून वेगवेगळ्या दहा ठिकाणी मीटरभर ओळ मोजली, झाडं हलवून खाली पडलेल्या अळ्या बघितल्या. सरासरी मीटरला एक अळीसुद्धा भरली नाही. ताईंनी माणसाला नको म्हणून सांगितलं. पुढे घाटे भरताना त्यांना एक फवारणी करावीच लागली, ते लपवत नाही. पण पहिली वाचली.

तर "काय मारू?" याचं उत्तर असं. मीटरभर ओळीत एक ते दोन अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन रात्री 8 ते 10 पतंग, यापेक्षा कमी असेल तर थांबा आणि दर दोन दिवसांनी मोजा. फुलावर येताना 5 टक्के निंबोळी अर्क घ्यायला हरकत नाही. आकडा ओलांडला आणि अळ्या अजून लहान असतील तर एच.ए.एन.पी.व्ही. हे विषाणूचं औषध संध्याकाळी फवारा, कारण उन्हात ते निकामी होतं. यात पाखरांची आणखी एक मदत होते. रोगाने मेलेल्या अळ्या शेंड्याला उलट्या लटकतात, पाखरं त्या खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून तो विषाणू शेतात आणखी पसरतो. कडक रासायनिक औषध पहिल्यांदाच मारलं की खायला किडे उरत नाहीत आणि पाखरं दुसरीकडे जातात.

अळी एकदम भरमसाट आली तर पाखरं पुरी पडणार नाहीत, हेही खरं. पोपटांचा थवा घाट्यांवर बसला तर हाकलावाच लागतो. दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या. आणि ज्यांच्याकडे रब्बी ज्वारी आहे त्यांनी भोरड्यांवर लक्ष ठेवा, त्या थंडीत थव्याने येतात आणि कणसावर बसल्या की खळं करून जातात.

आता रात्रीच्या पाखराबद्दल. हे सांगायला मला थोडं जड जातं. आपल्या जुन्या गोदामाच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी होती. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, तेच. खाली जमिनीवर काळपट गोळे पडायचे. मी एक गोळा पाण्यात भिजवून फोडला, तर आत केस आणि उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेलं असं बाहेर टाकतं. तरी दोन वर्षांपूर्वी पोती कुरतडलेली दिसली म्हणून मीच घाईघाईने ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मोकळ्या ठेवायला लावल्या. या विषाने उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. दहा-बारा दिवसांनी एक घुबड दाराशी मेलेलं सापडलं. त्यानेच मेलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण दुसरं काही कारण मला दिसलं नाही. दुसरं घुबड काही दिवसांनी निघून गेलं. उंदीर मात्र आहेत.

आता गोदामात आपण पिंजरे लावतो, पोती फळ्यांवर भिंतीपासून सुटी ठेवतो. तुम्हाला घरी विष वापरावंच लागलं तर ते बंद डब्यात ठेवा, डब्याला फक्त उंदीर शिरेल एवढं भोक ठेवा आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. उकिरड्यावर फेकू नका. घुबड घरावर बसलं म्हणजे कुणी जाणार, असं अजून काही घरांत मानतात. लक्ष्मीचं वाहन आहे ते, आणि आपल्या कणग्या राखतं. त्याला दगड मारणारी पोरं दिसली तर दोन शब्द सुनवा. घुबड पकडणं, मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हासुद्धा आहे. धामणीचंही तसंच. ती बिनविषारी आहे आणि उंदरांच्या बिळात शिरते. पण साप ओळखता येत नसेल तर जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

पाखरांची नावं माहीत नसतील तर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे. फोन पाखराच्या दिशेने धरा, आवाजावरून ते ओळख सुचवतं. दर फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरातली माणसं आपापल्या परसातली पाखरं मोजतात, भारतातूनही 2013 पासून मोजतात. एका वेळी पंधरा मिनिटं पुरतात. यंदा आपणही मोजू, तारखा आधी कळवते.

तोवर हरभऱ्यातल्या दहा ठिकाणच्या अळ्या मोजून आकडे आणि थांब्यावर बसलेल्या पाखराचा फोटो याच नंबरवर पाठवा. फोटो हलला तरी चालेल. रविवारी संध्याकाळपर्यंत आलेल्या आकड्यांवरून सोमवारी गावनिहाय सांगते, कुणी फवारायचं आणि कुणी थांबायचं.

तुमची कृषी सल्लागार