लोणावळ्यात कुत्र्यांसाठी आईस्क्रीम? धंदा चांगला आहे, पण आधी हे वाचा

शनिवार-रविवारी एक्स्प्रेसवेवरून लोणावळ्याकडे येणाऱ्या गाड्या बघा. मागच्या सीटवर खिडकीतून डोकं काढलेला एखादा लॅब्रेडॉर हमखास दिसतो. कार्ला, मळवली, कुसगाव भागात कुत्र्यासकट राहू देणारे बंगलेही आहेत. त्या कुत्र्यासाठी थंडगार खाऊ विकायचा, ही कल्पना मला आवडते. डीप फ्रीजर, साचे आणि एक टेबल एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

फक्त एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. इथे पैसे देणारा वेगळा आणि खाणारा वेगळा. खाणाऱ्याला "चव कशीतरीच लागतेय" असं सांगता येत नाही, तो सगळं चाटून संपवतो. म्हणून रेसिपीच्या आधी काय घालायचं नाही ते ठरवा.

गंमत अशी, की लोणावळ्याची जी ओळख आहे तीच इथे नको. चॉकलेट फज अजिबात नाही. कोकोमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि हृदयावर, मेंदूवर परिणाम करतं. चॉकलेट जितकं गडद, तितका धोका जास्त. मनुका आणि द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणजे ड्रायफ्रूट चिक्कीही बाद. द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड याला कारण असावं, असं प्राण्यांचे डॉक्टर आता मानतात. ते चिंचेतही असतं, तेव्हा चिंचही नको. कांदा-लसूण नको.

सगळ्यात फसवं म्हणजे झायलिटॉल, साखरेऐवजी वापरतात ते. काही शुगर फ्री पीनट बटरमध्ये ते असतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की अर्ध्या तासातही साखर धोकादायक खाली येऊ शकते, पुढे यकृतावर बेततं. डब्याचं लेबल प्रत्येक वेळी वाचा, ब्रँड तोच असला तरी.

मग घालायचं काय? बिनसाखरेचं दही, पिकलेलं केळं, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेलं कलिंगड. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचं पाणीही चालतं. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, दही त्या मानाने सोसतं.

आता आकार. दगडासारखा बर्फ चावला की दात तुटतो. नखाने दाबून बघा, खूण उमटली नाही तर तो खाऊ जास्तच कडक आहे. दह्याचा बेस त्यासाठीच बरा, जरा बाहेर ठेवला की मऊ पडतो. काडी लावू नका! कुत्रा काडीसकट गिळतो. छोट्या जातींसाठी पसरट आणि चाटता येईल असा साचा घ्या, गोल गोळी घशात अडकते.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. फ्रीजर उणे १८ अंशांवर ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते, हे माहीतच आहे. वितळलेला माल पुन्हा गोठवून विकायचा नाही, सरळ टाकायचा. तो तोटा किमतीत आधीच धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नासाठी आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी बीआयएसचं आयएस ११९६८ हे मानक आहे, ते मिळवून वाचा. उद्यम नोंदणी मोफत होते. स्टॉल लावण्याआधी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. माणसांचं आईस्क्रीमही विकणार असाल तर साचे वेगळे ठेवा.

पाकिटावर घटक, तारीख आणि "फक्त पाळीव प्राण्यांसाठी" एवढं मराठी-इंग्रजीत छापा. दिवसभराच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको, हेही लिहा. गिऱ्हाईक दोन मागेल तेव्हा "साहेब, एकच द्या" म्हणायची तयारी ठेवा. तोच माणूस पुढच्या वीकेंडला परत येतो.

आणि उन्हाळ्यात एखादा कुत्रा जोरजोरात धापा टाकत, झोकांड्या खात टेबलापाशी आला तर त्याला आईस्क्रीम विकू नका. सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता आणि मालकाला प्राण्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. जवळच्या डॉक्टरांचा नंबर टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवलेला असू द्या.