फेरफाराचा नंबर

सातबारा शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतो. पीककर्जाला तो लागतो, सीसीआयला कापूस घालायचा तर त्यावरचा पीकपेरा लागतो, जमीन संपादनात गेली तर मोबदल्यासाठी पहिला कागद तोच मागतात. पण सातबाऱ्यावरचे नाव कोणी बदलले, कधी बदलले आणि कशाच्या आधारावर, हे ज्या नोंदवहीत लिहिलेले असते तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. ती म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत जमिनीचा निम्मा भांडणतंटा तिच्या पानांवर उलगडतो, असे माझे मत आहे.

एखादा जुना, हाताने लिहिलेला सातबारा काढून बघा. वर आजोबांचे नाव आणि त्याला दोन्ही बाजूंनी कंस. खाली वडील, काका, आत्या यांची नावे आणि शेजारी वर्तुळात एक आकडा. कंस म्हणजे नाव कमी झाले. ते खरवडून काढायचे नाही की त्यावर शाई फासायची नाही, वाचता आले पाहिजे. वर्तुळातला आकडा हा फेरफार क्रमांक. तो घेऊन नमुना सहा उघडला की चार रकाने दिसतात: अनुक्रमांक, मिळालेल्या हक्काचे स्वरूप, परिणाम झालेले गट किंवा भूमापन क्रमांक आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा व सही. “अमुक मयत, वारस तमुक”, “खरेदीखताने”, “सोसायटीचा बोजा कमी”. दोन-चार ओळींत एका कुटुंबाचा इतिहास.

नोंद धरतो तलाठी. त्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, तरी गावात तो तलाठीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्याने नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस द्यायची. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत जाते. वारसांसाठी सहा-क वेगळा. नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी, तलाठी नव्हे. प्रमाणित झाल्याशिवाय ती सातबाऱ्यावर चढत नाही. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि मध्ये सगळ्या गावाला डोकावायची मुभा. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला कळला होता.

वऱ्हाडात ही व्यवस्था थोड्या वळणाने आली. निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या या मुलखात जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली आणि दप्तर पटवाऱ्याच्या ताब्यात राहिले. पुढे १९२८ चा वऱ्हाडचा महसूल कायदा, मग १९५४ चा मध्य प्रदेशचा. त्या काळातली अधिकार अभिलेख पंजी विदर्भात अजूनही जुन्या हक्कासाठी शोधली जाते.

या वहीचे मोल सगळ्यात जास्त दिसते ते आदिवासींच्या जमिनीत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या भागातल्या गोंड, कोलाम, परधान कुटुंबांच्या जमिनी उधारीत, दारूत, कधी नुसत्या अंगठ्यावर गेल्या. १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्याची वाट उघडली. जमीन नेमकी याच काळात गेली, हे दाखवायला तोंडी साक्ष पुरत नाही. फेरफाराची तारीख बोलते. शेतात राबणाऱ्याला ज्या कागदाने हरवले, त्याच कागदाने त्याला परत उभे केले. त्या काळातल्या वह्यांना वाळवी लागलेली पाहिली की म्हणूनच पोटात गोळा येतो.

एका सामायिक नोंदीवर कोणी हात ठेवला, हा प्रश्न काही चावडीपुरता नाही. जगातल्या मोठमोठ्या बँकांचे हिशेब ज्या मेनफ्रेम संगणकांवर चालतात, तिथेही अनेक जण एकाच फाइलवर काम करतात. नव्वदच्या दशकात वाय-टू-केच्या कामासाठी पुण्या-मुंबईची कितीतरी मराठी पोरे त्यात शिरली. तिथला नियम असा की वाचणारे कितीही असोत, एका वेळी लिहिणारा एकच. दुसऱ्याने तीच फाइल बदलायला उघडली तर ‘वापरात आहे’ असे उत्तर येते. कोणाला नुसते वाचू द्यायचे आणि कोणाला लिहू द्यायचे, हे ठरवायला आयबीएमने १९७६ मध्ये रॅकफ नावाची व्यवस्था आणली. फाइलीतल्या प्रत्येक भागाशेजारी शेवटचा बदल करणाऱ्याची ओळख दिसते खरी, पण ज्याला लिहायची परवानगी आहे तो तीही बदलू शकतो. म्हणून तपासनीस तिच्यावर विसंबत नाहीत. यंत्र स्वतःची वेगळी रोजनिशी ठेवते, ती ते मागवतात. त्या रोजनिशीत अमक्याने तमकी फाइल लिहिण्यासाठी उघडली एवढे सापडते. आत कोणती ओळ बदलली आणि का, ते मात्र नाही. त्यासाठी वेगळी साधने बसवावी लागतात. इथे आपला नमुना सहा एक पाऊल पुढे आहे. कोणता गट, कोणाचे नाव, कोणत्या दस्ताने, सगळे एका ओळीत.

सातबारा संगणकावर आला तेव्हा मात्र गडबड झाली. टंकताना नावे चुकली, हिस्से चुकले, क्षेत्राची बेरीज जुळेना. हस्तलिखित एक सांगे, संगणक दुसरेच. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन, म्हणजे सातबाऱ्याचे गावकऱ्यांसमोर जाहीर वाचन, झाले. चुका दुरुस्त करायला तलाठ्यांना एडिट आणि री-एडिट अशा सोयी दिल्या गेल्या. सोय गरजेची होती, पण जिथे दुरुस्तीचा दरवाजा असतो तिथे दुरुस्तीच्या नावाखाली दुसरे काही शिरण्याचीही शक्यता असते. आता लेखनप्रमाद सुधारायचा तरी कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. हे कलम हातून झालेल्या चुकीसाठी आहे, हक्काचा वाद मिटवण्यासाठी नाही. ते तसेच वापरले जाते की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

ई-फेरफार या संगणकावरच्या नोंद-प्रणालीत तलाठ्याची ओळख डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनने आणि अंगठ्याने पटते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे येते. चावडीवरची नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर मोबाइलमध्ये दिसते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. नव्या सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस तर असतोच, वर आडवी रेघही असते. रेघेखालचे नाव वाचता येते, म्हणजे जुनी शिस्त यंत्राने मोडली नाही.

तरी यंत्र टोकन ओळखते, हात नाही. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे, रोज पंचनामे, अनुदानाच्या याद्या आणि निवडणुकीची कामे. अशा वेळी टोकन आणि पासवर्ड साझ्यातल्या खासगी मदतनिसाकडे राहिले, तर नोंद कोणीही करो, नाव तलाठ्याचेच लागेल. यावर उपाय यंत्रात नाही, कामाच्या वाटणीत आहे.

आणखी एक गैरसमज. फेरफार झाला म्हणजे मालकी मिळाली, असे नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण ती खोटी ठरेपर्यंतच. मालकी ठरते ती दस्ताने, वारसाने, शेवटी दिवाणी न्यायालयात.

नव्या सातबाऱ्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याची तारीख छापलेली असते, प्रलंबित फेरफार असेल तर तोही. कर्जाच्या गडबडीत उतारा बँकेत देण्याआधी तेवढी ओळ वाचा. क्रमांक ओळखीचा वाटला नाही तर त्या फेरफाराची नक्कल मागा. नोंद अजून मंजूर नसेल तर लेखी हरकत द्या. मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येते.