०.७७ चा १ कसा झाला? जावास्क्रिप्टमध्ये सहसंबंध गुणांक काढताना

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ज्यांनी कॉलेज प्रोजेक्टसाठी सर्व्हे केलाय त्यांनी जरा लक्ष देऊन ऐका. कागद-पेन जवळ असेल तर उत्तमच.

दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात किंवा कमी होतात, हे एका आकड्यात सांगतो तो सहसंबंध गुणांक. कार्ल पिअर्सनच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक सगळ्यात जास्त वापरतात. त्याला म्हणायचं ‘आर’. तो उणे १ ते अधिक १ यांच्या मध्येच असतो. अधिक १ म्हणजे सगळे बिंदू चढत्या सरळ रेषेवर, उणे १ म्हणजे उतरत्या रेषेवर. शून्य म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही.

आता हाताने करून बघू. समजा पाच मुलं आहेत. अभ्यासाचे तास १, २, ३, ४, ५ आणि चाचणीतले मार्क २, ४, ५, ४, ५. तासांची सरासरी ३, मार्कांची ४. प्रत्येक आकड्यातून आपापली सरासरी वजा करा. तासांचे फरक येतात उणे २, उणे १, ०, १, २. मार्कांचे उणे २, ०, १, ०, १. जोडीजोडीने गुणून बेरीज केली की ६. तासांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, मार्कांची ६. दोन्हींचा गुणाकार ६०, त्याचं वर्गमूळ साधारण ७.७५. सहाला त्याने भागा: आर आला ०.७७.

जावास्क्रिप्टमध्ये हेच करायला एक लूप बेरजेसाठी, एक फरकांसाठी, आणि शेवटी वर्गमूळ. दहा-पंधरा ओळींचं काम. पण गंमत पुढे आहे.

वेबपेजवरच्या रकान्यात कुणी ५ टाइप केलं, तर कोडच्या हातात येतं ते ‘५’ हे अक्षर, संख्या नाही. आणि जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्ह अक्षरांना जोडतं, मिळवत नाही. बेरीज ० पासून सुरू केली की तासांची बेरीज १५ न येता ‘०१२३४५’ अशी माळ तयार होते. भागाकार करताना मात्र भाषा तिला गुपचूप संख्या करते. १२३४५ भागिले ५, म्हणजे सरासरी २४६९! मार्कांची सरासरी तशीच ४९०९. वजाबाकी, गुणाकार सगळं सुरळीत चालतं, कुठेही एरर येत नाही. आणि शेवटी आर येतो ०.९९९९९९९.

कारण बघा. सरासरी इतकी लांब गेली की सगळे फरक जवळजवळ सारखेच दिसतात, आणि आर १ ला जाऊन चिकटतो. म्हणजे चूक दिसते कशी, तर भारी निकालासारखी! तोच आकडा रिपोर्टमध्ये गेला, तर ‘अभ्यास केला की मार्क हमखास’ असा निष्कर्ष निघेल, जो आपल्या आकड्यांत नाहीच.

उपाय एका शब्दाचा: आकडा आत आला की आधी ‘नंबर’ फंक्शनमधून काढा, मगच बेरीज. मोकळ्या रकान्यावर मात्र वेगळी नजर ठेवा, कारण हे फंक्शन रिकाम्या जागेला शून्य समजतं.

स्पीअरमनचा गुणांक काढणाऱ्यांसाठी आणखी एक. त्यात आकड्यांना क्रमांक द्यावे लागतात, म्हणून आपण ‘सॉर्ट’ वापरतो. तो नुसताच वापरला तर संख्यांनाही अक्षरांसारखं लावतो: १०, १००, मग ९. त्याला ‘पहिल्यातून दुसरा वजा करून ठरव’ असं सांगावंच लागतं.

आणि उत्तर ‘नॅन’ आलं तर? एक शक्यता अशी की एका रांगेतले सगळे आकडे सारखेच आहेत. मग शून्य भागिले शून्य होतं. तिथे गुणांक निघतच नाही, म्हणून ० लिहून मोकळं होऊ नका.

माझा आग्रह एवढाच: स्वतःचा डेटा घालण्याआधी आजची पाच मुलं तुमच्या कोडमध्ये घाला, तीही रकान्यात टाइप करून. ०.७७ आलं, तरच पुढे जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!